वचनाची चूक

कादंबरी छापून आली त्या वर्षीची गोष्ट. रंकाळ्याच्या कट्ट्यावर माझे स्नेही सयाजीराव यांनी मला सर्वांसमक्ष विचारले, "गुरुजी, जन्मभर राजेराण्या लिवलासा. आन् आता सत्तरीला टेकल्यावर कालेजातल्या पोरापोरीचं प्रेम? कुठनं सुचलं वो हे?"

कट्ट्यावर हशा पिकला. मीही हसलो आणि सरोवराकडे पाहत राहिलो. उत्तर मला ठाऊक होते. परंतु ज्यांच्यामुळे ती कादंबरी लिहिली गेली, त्यांना त्या उत्तराचा उपद्रव होऊ नये एवढी काळजी घेणे माझे कर्तव्य होते. आता पुष्कळ पाणी वाहून गेले आहे. नावे आणि खुणा बदलून ती हकिकत येथे नोंदवीत आहे.

सन १९९७ मधला माघ महिना होता. मी तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन शिलाहारांच्या काळातल्या एका राजकन्येवर कादंबरी लिहीत होतो. कागलजवळच्या एका खेड्यात, देवळाच्या ओवरीमध्ये, तिच्या नावाचा उल्लेख असलेला शिलालेख आहे असे कोणी सांगितले, म्हणून तो पाहायला निघालो. सोबत प्रसेनजीत होता.

प्रसेनजीत शिंगे हा माझा अखेरचा विद्यार्थी. विद्यापीठात संस्कृत घेऊन तो एम. ए. करीत होता आणि पहाटे माझ्याकडे व्याकरण वाचायला येत असे. राधानगरीकडच्या बौद्ध कुटुंबातला हा मुलगा. त्याच्या पणजोबांच्या कानी ज्या भाषेचा शब्दही पडू दिला गेला नव्हता, ती भाषा तो इतक्या जपून उच्चारी, की ऐकताना मला माझ्या गुरूंचे स्मरण व्हावे. मितभाषी होता. एखादे रूप चुकले तर कान लाल होत. पण चूक कबूल केल्याशिवाय पुढे जात नसे. शिलालेखाचा ठसा घेण्याची कला त्याने एका वृद्ध संशोधकाकडून शिकून घेतली होती. ओला कागद दगडावर बसवायचा, कुंचल्याने ठोकायचा, मग शाईची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवायची. त्या सामानाची पिशवी त्याच्या खांद्याला होती.

ओवरीला कुलूप होते. "किल्ली बयाबाईच्या घरात आसती," असे सांगून एका गृहस्थाने आम्हांला बोळातले घर दाखवले. घरापुढे सडा-रांगोळी ताजी होती आणि दारात नवे पायपुसणे अंथरले होते. मी उंबऱ्याबाहेरून हाक मारली.

आतून एक वृद्ध बाई भिंतीला हात लावीत आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला दिसत होता.

"कोण हाय?"

"आजी, आम्ही कोल्हापूरहून आलो आहोत—"

"आलासा व्हय पावणं! या, या. किती वाट बघायची वो? बाळासो तिकडं फाट्यावर उभा ऱ्हायलाय तुमच्यासाठनं. चुकामूक झाली म्हणायची. सूनबाई, पाणी आण गं पाय धुवायला. पावणं आलं!"

आमच्या भागात वाटेने जाणाऱ्या परक्या माणसालाही पावणं म्हणतात आणि लग्नाच्या मुलीला बघायला येणाऱ्या मंडळींनाही पावणंच म्हणतात. एकच शब्द दोन्हींकडे उभा असतो. बयाबाईंनी तो कोणत्या अर्थाने उच्चारला हे आमच्या ध्यानी यायला थोडा वेळ लागला, आणि तेवढ्यात आम्ही सतरंजीवर बसलेले होतो.

"आजी, आम्हांला ओवरीची किल्ली हवी होती," मी आवाज चढवून म्हणालो.

"किल्ली?" त्या दिलखुलास हसल्या. "अवो, घराची किल्लीच द्यायला बसलोय की तुमास्नी! आदी गूळपाणी तर घ्या."

"तसं नव्हे. आम्ही ते पाहुणे नव्हेत."

"न्हवं, न्हवं करू नगा. पयल्यांदा आल्यावर समदीच लाजत्यात." मग त्यांनी प्रसेनजीतच्या दिशेने मान वळवली आणि डोळे बारीक केले. "ह्योच व्हय मिल्ट्रीतला? फोटूत मिशा हाईत म्हणत्यात पोरी. काडल्या व्हय? आन् एवढा हाडकुळा? सरकार जेवाय घालत न्हाय का काय?"

प्रसेनजीतने नकळत वरच्या ओठावरून बोट फिरवले. मला हसू येत होते, पण हा विनोद कुठवर टिकेल हे मला दिसत होते. आणखी थोड्या वेळाने घरचा कर्ता माणूस येणार होता, त्याच्यामागून खरे पाहुणे येणार होते, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न आडनावाचा होणार होता. माझ्या शेजारी बसलेला मुलगा आडनावाचा प्रश्न कधीही चुकवीत नसे. अशा प्रसंगी खेड्यात काय काय होऊ शकते याच्या कथा मी वर्तमानपत्रात वाचल्या होत्या. त्याने त्या स्वतःच्या घरात ऐकल्या होत्या.

मी उठण्याच्या बेतात असताना मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली.

तिचे नाव संयोगिता. हिरवे लुगडे तिला सवयीचे नव्हते, हे तिच्या चालण्यातून कळत होते. तिने मान वर केली, आधी माझ्या पांढऱ्या टोपीकडे आणि मग प्रसेनजीतकडे पाहिले, आणि हातातले ताट क्षणभर कलले. फोटो तिने पाहिला होता. घरातल्या सर्वांमध्ये तिलाच तत्काळ कळले की हे ते नव्हेत.

ती ओरडेल असे मला वाटले. तिने बश्या ठेवल्या आणि समोरच्या पाटावर जाऊन बसली.

"बारावीला हाय," बयाबाई सांगू लागल्या. "कोल्हापुरात शिकतीया. पर त्येची काळजी नगं. तुमची सुट्टी थोडी, आमास्नी म्हाईत हाय. पसंत पडली तर ह्याच सुट्टीत बार उडवायचा, बाळासोनं तसा सबुद दिलाया. परीक्षा-बिरीक्षा काय, लगीन झाल्यावर करंल का न करंल." नंतर त्यांना काही आठवले. "मास्तरावानी दिसतासा तुमी. संस्कुरत येतं आमच्या पोरीला, ठावं हाय? संयोगिता, म्हण की गं एखांदं. पावण्यास्नी म्हणून दाखीव."

आत, स्वयंपाकघराच्या दारामागे, तिच्या आईच्या बांगड्या वाजल्या. मग मुलीने हात जोडले, डोळे मिटले आणि स्तोत्र म्हणावे अशा चालीवर, संथ, म्हणू लागली.

"युवां नातिथी अस्माकम्। पिता मार्गे तिष्ठति। आसन्ना मे परीक्षा। मा गच्छ। पितरं वद।"

बयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि नमस्कार केला. कोणत्या देवाचे स्तोत्र, एवढेच त्यांनी विचारायचे ठेवले होते.

मुलगी सांगत होती: तुम्ही दोघे आमचे पाहुणे नव्हेत. वडील रस्त्यावर उभे आहेत. माझी परीक्षा जवळ आली आहे. जाऊ नकोस. वडिलांना सांग.

जन्मभर ज्या भाषेची मी पूजा केली, ती परीक्षेत गुण मिळवण्यासाठी घेतात आणि मग विसरतात, असे मी खेदाने म्हणत आलो होतो. येथे एक मुलगी तिच्या आडोशाला उभी राहून स्वतःसाठी याचना करीत होती. वाग्देवीच्या कोणत्याही मंदिरात मला असे गहिवरून आले नव्हते.

परंतु शिक्षकाचा कान मेला तरी शिक्षकाचाच राहतो. त्या वाक्यांत मला एक चूक ऐकू आली. मराठीत एक आणि अनेक अशी दोनच वचने आहेत. संस्कृतात त्यांच्यामध्ये तिसरे असते, केवळ दोघांसाठी राखून ठेवलेले. आम्ही दोघे होतो. तिने 'मा गच्छतम्' म्हणायला हवे होते, 'तुम्ही दोघे जाऊ नका.' ती म्हणाली 'मा गच्छ', जाऊ नकोस. 'वदतम्' हवे होते, म्हणाली 'वद'. बारावीची मुले येथेच घसरतात, असे मी मनाशी म्हटले.

आणि लगेच थांबलो. आरंभी तिने 'युवाम्' म्हटले होते, तुम्ही दोघे. 'अतिथी' हेही द्विवचनच. त्यातही, द्विवचनातल्या त्या दीर्घ ईकारापुढे स्वर आला तरी संधी करायचा नसतो, हा भल्याभल्यांना न आठवणारा नियम तिने पाळला होता. जिला एवढे येते, ती दोन वाक्यांनंतर एकवचनावर घसरते कशी? घसरली नसेल, तर ती शेवटची दोन वाक्ये दोघांसाठी नव्हती. आणि माझ्यासारख्या वृद्धाला ती एकेरीत बोलणे शक्य नव्हते.

मी प्रसेनजीतकडे पाहिले. त्याचे कान लाल झाले होते.

बोळातून एक मोटारसायकल गेली. तिचा आवाज जवळ येऊन दूर जाईपर्यंत मी दाराकडे पाहत होतो. मुलीची याचना खरी होती, पण या मुलाचीही जबाबदारी माझ्यावर होती. त्याच्या आईवडिलांनी तो माझ्या भरवशावर पाठवला होता. बयाबाईंना कळू नये म्हणून मीही त्याच भाषेचा आश्रय घेतला.

"उत्तिष्ठ। गच्छावः।" ऊठ, आपण दोघे निघू.

त्याने जमिनीकडे पाहत, पण नेहमीच्या स्पष्ट उच्चारांत उत्तर दिले.

"आवां न गमिष्यावः।"

आम्ही दोघे जाणार नाही. की, आपण दोघे जाणार नाही? 'आवाम्' म्हणजे दोघे. पण कोणते दोघे, हे संस्कृत सांगत नाही. मराठीला ते सांगावेच लागते. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला एक शब्द निवडल्याशिवाय तिला तोंड उघडता येत नाही. तो आणि मी असे म्हणावे, तर मला न विचारता माझ्या वतीने निर्णय घेणारा हा मुलगा नव्हता. समोर पाटावर बसलेल्या मुलीने लुगड्याचा काठ बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"काय म्हणलं वो पावणं?" बयाबाईंनी विचारले.

"त्यांनी विचारलं, त्याला उत्तर दिलं, आजी," प्रसेनजीत म्हणाला.

"आरं वा! सवालजवाबच की ह्यो!" म्हातारी खूश झाली. "खावा, खावा. पोहं गार व्हत्यात."

मी बशी खाली ठेवली. प्रसेनजीत मात्र शांतपणे खात होता. की त्यालाही खावेसे वाटत नव्हते आणि बशीत टाकणे त्याला बरे वाटत नव्हते, ते मला सांगता येणार नाही.

बाळासो आले ते धापा टाकीतच. चौकातल्या दुकानात त्यांना कोणी सांगितले होते की पावणं केव्हाच घरी पोचलं. पांढराशुभ्र सदरा घामाने चिकटला होता. दारातूनच त्यांनी हात जोडले, "माफी असावी पावणं, मी तिकडं—" आणि शब्द तोंडात राहिला.

"तुमी कोण वो?"

मी उभा राहिलो आणि शिलालेख, ओवरी, किल्ली असे सारे क्रमाने सांगितले.

"मग आमच्या म्हातारीला सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं. त्यांच्या ध्यानी आलं नाही."

"आन् पोहं आल्यावर तुमचंबी त्वांड बंद झालं?"

"मी पावणं या म्हणलं, तर ते आलं," बयाबाई मध्येच म्हणाल्या. "मग पावणंच की ते. काय चुकलं रं माजं?"

"आई, तू गप बस!" बाळासो प्रसेनजीतकडे वळले. "आन् तू रं? नाव काय?"

"प्रसेनजीत."

"फुडं?"

"शिंगे. राधानगरीकडचा. आम्ही बौद्ध."

स्वयंपाकघरातला सगळा आवाज थांबला. बाळासोंची दृष्टी रिकाम्या बशीवर गेली, तेथून पाटावर बसलेल्या मुलीवर आणि मग परत आली.

"तू कोण, त्येचं मला काय न्हाय," ते म्हणाले; पण ते वाक्य त्यांनी भिंतीकडे पाहून म्हटले. "पर माझी पोर पाटावर बसली आन् तू तिला बघितलीस. आता घटकाभरात पावणं येतील. हे गावात फुटलं तर त्येंच्या कानावर जायला किती येळ लागतोय? पोरीचं काय व्हईल, कळतंय का तुला?"

"कळतंय, काका."

"मग ऊठ."

प्रसेनजीत उठला. पिशवी खांद्याला लावली. मी सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच तो म्हणाला, "काका, एक सांगू? त्यांची परीक्षा होऊ द्या."

मला वाटले, आता हात उठणार. बाळासो एक पाऊल पुढे आले.

"परीक्षा हाय म्हणून तुला कुणी सांगितलं?"

सारे त्या प्रश्नावर येऊन टेकले. त्याने मुलीचे नाव घेतले असते तर दुसऱ्या दिवसापासून तिचे कॉलेज बंद झाले असते, कदाचित त्याच संध्याकाळी. खोटे बोलणे त्याला जमत नव्हते.

"आजी म्हणाल्या, बारावीला आहेत," तो म्हणाला. "बारावीची परीक्षा ह्याच दिवसांत असते. मी शिकवण्या घेतो, म्हणून माहीत आहे. आजींनी त्यांना संस्कृत म्हणायला लावलं. मी ऐकलं. सगळं शुद्ध होतं. चूक एकच, वचनाची. तेवढी सुधारली तर पैकीच्या पैकी गुण पडतील. अशी मुलगी परीक्षेला बसली नाही तर वाईट वाटेल."

"वचनाची चूक?" बाळासोंचा आवाज एकदम खाली गेला, आणि ते अधिक भयंकर होते. "वचन? कुणाला वचन दिलंया हिनं?"

मग मी घाईघाईने मध्ये पडलो. "व्याकरणातलं वचन, बाळासाहेब! एकवचन, अनेकवचन असतं ना, ते. संस्कृतात दोघांसाठी एक निराळं असतं. ते त्यांचं चुकलं."

"दोघांसाठी निराळं?"

"होय."

"आपल्यात न्हाय तसलं?"

"मराठीत नाही."

"बरंच हाय की मग," ते म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला.

त्याच वेळी पाटावरून आवाज आला. आल्यापासून ती मराठीतून एक अक्षर बोलली नव्हती.

"चुकलं न्हाय ते."

"काय?" बाळासो वळले.

"वचन चुकलं न्हाय, आबा. मला येतंय ते. म्हणायचं व्हतं तसंच म्हणलंय मी."

"बघा," बाळासो मला म्हणाले, आणि त्यांच्या रागातून कुठेतरी अभिमानाची कड डोकावली, "मास्तरास्नीबी ऐकत न्हाय कार्टी."

त्यांना वाटले, मुलगी गुणांसाठी भांडते आहे. प्रसेनजीत उंबऱ्याजवळ उभा होता. तो वळला आणि पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिले. तीही पाहत होती. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हते. दोघेही घाबरलेले होते. भीती आणि धिटाई एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी इतकी कोवळी दिसू शकते, हे मी आयुष्यभर काव्ये शिकवूनही पाहिले नव्हते.

बोळाच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला.

"परसदारानं जावा," बाळासो कुजबुजले. "गोठ्यातनं. हे बगा, तुमी आला न्हवता आन् आमी तुमास्नी बघितलं न्हवतं." मुलीने बश्या गोळा करायला घेतल्या. आम्ही म्हशींच्या मधून, शेणाची टोपली ओलांडून, उसाच्या बांधावर आलो. मागे बयाबाईंचा उत्साही आवाज ऐकू येत होता, "या पावणं, या!"

शिलालेख पाहायचा राहिला. परत येताना बसमध्ये प्रसेनजीत खिडकीतून बाहेर पाहत होता आणि मी त्याला रागवायचे शब्द जुळवीत होतो. ते काही जुळले नाहीत.

त्यानंतरचे दिवस मी फार अस्वस्थतेत काढले. प्रसेनजीत नेमाने येई, पाठ वाची, जाई. त्या गावाचे नाव दोघांपैकी कोणीही काढीत नसे. पण मंडपांचे खांब घेऊन जाणारा ट्रॅक्टर रस्त्याने गेला, कोठे बँड वाजला, की त्याचा आवाज एखाद्या शब्दापाशी अडे. मलाही रात्री झोप लागेना. खरे पाहुणे त्या दिवशी काय म्हणाले? पसंती झाली असेल तर हळद केव्हाच लागली असेल. राजकन्येची कादंबरी मेजावर पडून होती. तिच्या स्वयंवराचे प्रकरण मी चार वेळा आरंभले आणि चारही वेळा फाडले. तिच्या तोंडी घातलेले प्रत्येक वाक्य मला खोटे वाटू लागले होते.

बारावीच्या संस्कृतच्या पेपराच्या दिवशी मी सकाळीच आवरून बाहेर पडलो. कोल्हापुरात शिकणाऱ्या कागलकडच्या मुलांचे केंद्र कोणते, हे मी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांकडून विचारून ठेवले होते. पोचलो तेव्हा समोरच्या फुटपाथवर, रसवंतीच्या सावलीत, प्रसेनजीत आधीच उभा होता. मला पाहून तो चपापला नाही.

"आल्या नाहीत अजून," एवढेच म्हणाला.

मुले आत जाऊ लागली. पालक सूचना देत होते, कोणी दही-साखर भरवत होते. पहिली घंटा झाली. फाटकापाशी गर्दी विरळ झाली. प्रसेनजीत रसवंतीच्या खांबाला टेकला होता, आता तो सरळ उभा राहिला. मी फाटकाजवळ गेलो, उगाचच. शिपायाने फाटकाची एक कडी ओढून घेतली.

तेव्हा मोटारसायकल आली. बाळासो पुढे, संयोगिता मागे. गाडी थांबायच्या आतच तिने उडी टाकली आणि धावत फाटकात शिरली. मी फक्त तिचे हात आणि गळा पाहिला. हळद नव्हती, काळे मणी नव्हते. मी भिंतीचा आधार घेतला.

बाळासोंनी मला ओळखले. गाडी स्टँडला लावून ते जवळ आले.

"मास्तर, तुमीबी?"

"परीक्षेला बसवलीत. फार चांगलं केलंत."

"मी कसलं केलंय." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पसंती झाली त्याच दिशी. सुपारीबी फुटली. तारीख धरायला बसलो, आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, एक मास्तर म्हणत व्हतं, पोरीला पैकीच्या पैकी पडतील. तर त्यो पोरगाच म्हणला, मग परीक्षा होऊ दे मामा, मी मे म्हैन्यात परत सुट्टी काडतो. चांगला हाय वो पोरगा. लई चांगला." त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. "फुडंबी शिकवीन म्हणतोय."

मिशीवाल्या त्या जवानाबद्दल मनात आदर दाटला आणि त्याच वेळी मान वळवून रस्त्यापलीकडे पाहण्याचे धैर्य मला होईना.

पण बाळासोंनी पाहिले.

"त्यो बी आलाय."

"होय."

"हं." ते तिकडे बघत राहिले. "रस्ता काय माझ्या बापाचा न्हाय. पर मास्तर, पेपर सुटायच्या आत त्येला घिऊन जावा. हात जोडतो. तेवढं ऐका."

मी रस्ता ओलांडून गेलो आणि त्याला सारे सांगितले. सुपारीचे, मे महिन्याचे, त्या मुलाच्या उदारपणाचे. त्याने ऐकून घेतले. ऐकताना तो रसवंतीच्या चाकाकडे पाहत होता.

"चल," मी म्हणालो. "त्यांनी हात जोडून सांगितलंय."

"सर, तुम्ही निघा. ऊन वाढेल."

"आणि तू?"

"मी कुणाशी बोलणार नाही. इथून हलणारही नाही. पेपर कसा गेला तेवढं बघतो."

मला त्याला एकटे सोडवेना. रस्त्याच्या एका बाजूला मोटारसायकलीवर बसलेले बाळासो, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि मधून वाहने. बाळासो उठून इकडे येतील, चार माणसे गोळा होतील, काही भलते घडेल, या भीतीने मी प्रत्येक हालचाल न्याहाळीत होतो. ते आले नाहीत. मान खाली घालून विडी ओढीत बसले. मध्येच एकदा आमच्याकडे बघितले आणि तोंड फिरवले.

घंटा झाली. मुलांचा लोंढा बाहेर आला. संयोगिता मैत्रिणींच्या घोळक्यात होती. वडील दिसताच ती घोळक्यातून सुटली, हातातली प्रश्नपत्रिका त्यांच्यापुढे नाचवीत काहीतरी भरभर सांगू लागली. तिला आमच्याकडे पाहायला कोणी सांगितले नव्हते आणि तिने पाहिलेही नाही. गाडीवर बसता बसता ती मोठ्याने हसली. ते हसू रस्त्याच्या अलीकडे ऐकू आले.

मोटारसायकल कागलच्या दिशेने गेली. तिचा धूर विरेपर्यंत प्रसेनजीत उभा होता.

"चांगला गेला, सर," तो म्हणाला. "अवघड नव्हता."

मग त्याने माझ्या पायांना हात लावला, पिशवी खांद्याला लावली आणि विद्यापीठाच्या वाटेला लागला. त्या दुपारी जेवण झाल्यावर मी राजकन्येचे कागद बांधून माळ्यावर टाकले आणि कोरा ताव पुढे ओढला.